विंडोजवर पडणारी टेस्ट

सुधाताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर हिंदीतच सांगितलं, "शिरीष भैया, आई नहीं रही..." मला पहिलं काय आठवलं असेल, तर त्यांच्याशी मी बोललेलं खोटं. लाज वाटते, पण तेच आठवलं.

आमची लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रामांत बसवायचा तयार कोड, जुन्या फॉन्टमधल्या हिंदी फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा रूपात आणते. नोकरी सांभाळून ताईंनी ती लिहिली आणि फुकट वाटली. मी त्यांचा मदतनीस, त्यातही आळशी. तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी त्यांच्या टेबलावर तीन कॉम्प्युटर असत: लिनक्स, मॅक आणि विंडोजचं एक जुनं धूड. कोड तपासणारी टेस्ट पास झाली की हिरवी खूण, पडली की लाल. तिन्हींवर सगळं हिरवं झाल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडत नसे. एक टेस्ट मात्र फक्त विंडोजवर पडायची. वैतागून मी म्हणालो, "ताई, विंडोजला सोडून देऊ."

"काहून? उरल्याच्या कारखान्यांतल्या ऑफिसांत दुसरं काय हाय? विंडोज खोटं नाही बोलून राहिलं, आपलंच काही चुकून राहिलं."

ताई दवाखान्यात भरती झाल्या, तेव्हा मी ती टेस्ट विंडोजपुरती गुपचूप वगळून टाकली. भेटायला गेलो तर त्यांनी आधी तेच विचारलं, "विंडोजवर चालली काय रे?"

"हव ताई, सगळं हिरवं आहे."

त्या हसल्या आणि पाणी मागितलं. पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या.

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो. मुलीनं टेबल तसंच ठेवलं होतं. टेस्ट वगळणारी माझी ओळ काढून टाकायला बसलो, तर ती ओळ तिथं नव्हतीच. बदलांच्या नोंदीत ताईंचं नाव होतं. मी भेटून गेलो त्याच संध्याकाळी त्यांनी पलंगावरून, मोबाइलवर ती काढली होती. खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं: "लाल राहू दे. शिरीष पाहून राहिला."

मी रडलो. मग पाहायला बसलो. माझ्याच कोडनं उघडलेली एक फाईल बंद होत नव्हती, आणि टेस्ट शेवटी तीच पुसायला जायची. लिनक्स आणि मॅक उघडी फाईलही बिनबोभाट पुसू देतात, विंडोज देत नाही. एक ओळ वाढवली, तिन्ही कॉम्प्युटरांवर टेस्ट चालवली आणि ताईंच्या नोंदीखाली लिहिलं: "ताई, तेव्हा खोटं बोललो होतो. आज खरंच हिरवं आहे."