माझं लग्न आणि साहेबांचा फिरता मुरूम

आमच्या गावचा रस्ता माझ्या जन्माच्या आधीपासून मंजूर आहे. त्याच्या भूमिपूजनाला आजवर इतके नारळ फुटले, की नुसत्या करवंट्या अंथरल्या असत्या तरी हिंगोलीपर्यंत रस्ता झाला असता. पण खोबरं पुढाऱ्यांनी खाल्लं, करवंट्या कुत्र्यांनी नेल्या आणि आमच्या वाट्याला काळी माती राहिली. ही माती साधी नव्हे. एका पावसाळ्यात तिच्यात ट्रॅक्टर रुतला. तो काढायला दुसरा आणला, तोही रुतला. दुसऱ्याला काढायला तिसरा आला. चौथ्या ट्रॅक्टरवाल्याने वसमतच्या नाक्यावरूनच हात जोडले. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. फक्त पावसाळ्यात येऊ नका, परत जाता येणार नाही.

या रस्त्याची तकलीफ सगळ्या गावाला होती, पण सगळ्यांत जास्त मला, कारण माझं लग्नच त्यात रुतलं होतं. पोरगी मला पसंत होती. मी तिला पसंत होतो की नाही ते ठाऊक नाही, पण तिने तोंड वाकडं केलं नव्हतं. पोह्यांची बशी पुढे करताना तिने विचारलं, भाकरी थापता येते का. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, ‘शिकवते.’ त्या एका शब्दावर मी त्या दिवशी फाट्यापासून घरापर्यंतचा चिखल तरंगत पार केला.

अडून बसला होता तिचा बाप. त्याने माझ्या काकांना सरळ विचारलं, ‘पाव्हणं, घरदार झ्याक हाय, हळद बी पिकते म्हन्ता. पण लेक दिली तर तिला भेटाया आमी होडीत बसून यायचं का?’ मग अट घातली. दिवाळी झाली की तो जीप घेऊन येणार. जीप आमच्या दारात उभी राहिली तर सुपारी फोडायची. मध्येच उतरून ढकलावी लागली, तर तिथूनच रामराम.

माझं असं चाललेलं, तेवढ्यात जिल्हा परिषदेची निवडणूक येऊन टेकली आणि आमच्या भागातले साहेब पाझरायला लागले.

साहेब मुळात गुत्तेदार, म्हणजे सरकारी कामांचे ठेकेदार. निवडणूक जवळ आली की त्यांना सगळी माणसं नात्यातली वाटतात. वासराच्या बारशालासुद्धा ते आहेर घेऊन आलेले मी पाहिले आहेत. एकदा दहाव्याला आले आणि घर चुकले. भलत्याच ओसरीवर बसून असे हमसून रडले, की त्या घरच्या बायकाही पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, कोण गेलं ते न विचारता. घरचा म्हातारा समोर बसून चहा पीत होता. साहेबांनी डोळे पुसले, म्हाताऱ्याचे पाय धरले आणि त्यालाच म्हणाले, ‘गेलेल्या माणसाच्या इच्छेखातर तरी मत द्या, बाबा.’ म्हातारा पुढे आठवडाभर स्वतःची नाडी बघत होता.

तर एका सकाळी साहेबांचे टिप्पर आले आणि फाट्यापासून आमच्या दारापर्यंत मुरमाचे ढीग ओतून गेले. लालबुंद, जाडजूड मुरूम. मी ढिगावर चढून नाचलो. नारळ फुटला, फोटो निघाले, रोलर लवकरच येतोय असं साहेबांनी सांगितलं. मी घरी येऊन आरशात बघून मुंडावळ्या कशा दिसतील त्याचा अंदाज घेतला.

दुसऱ्या दिवशी काका दारातल्या ढिगाशी बसून काहीतरी उकरत होते. त्यांनी ढिगातून एक चप्पल ओढून काढली. अंगठा तुटलेला आणि हिरव्या वायरीने बांधलेला. काका घरात गेले, खाटेखालून तिची जोडीदार घेऊन आले आणि दोन्ही पायांत घालून अंगणात चार पावलं टाकली.

‘बराबर हाय,’ काका म्हणाले. ‘मागच्या इलेक्शनला ह्याच ढिगात गेल्ती.’

मग सगळा उलगडा झाला. मागच्या निवडणुकीतही असाच मुरूम पडला होता, असाच नारळ फुटला होता. नंतर साहेबांचा जेसीबी आला, आणि आचारसंहिता लागल्यावर मुरूम उघड्यावर राहिला तर सरकार जप्त करतं, म्हणून सुरक्षित जागी हलवतो असं सांगून सगळा उचलून नेला. काकांनी पाव्हण्यारावळ्यांना फोन लावले. जिथे तिथे तीच कथा. ही सुरक्षित जागा म्हणजे पुढचं गाव. तिथे पुन्हा नारळ, पुन्हा फोटो, पुन्हा आचारसंहितेची भीती. मुरूम तोच, गाव नवं. अख्ख्या तालुक्यात साहेबांनी आजवर एवढाच एक मुरूम विकत घेतला होता आणि त्याच्यावर ते तीनदा निवडून आले होते.

गाव पारावर जमलं. कोणी म्हणालं तक्रार करू, कोणी म्हणालं बहिष्कार टाकू. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते सगळं सावकाश करा. आधी त्यो जेसीबी यायच्या आत मुरूम पसरा. एकदा पसरला की उचलून न्यायला साहेबाला तोंड राहणार न्हाई.

फावडी निघाली, घमेली निघाली. मी एकटा चार माणसांचं काम करत होतो. काकांच्या मते अर्ध्या माणसाचं, पण काकांना लांबचं नीट दिसत नाही. मुरूम पसरला, आता तो दाबायला पाणी हवं आणि रोलर हवा. पाण्याचं जमलं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला पाणी सुटलं होतं. गावातले सगळे फवारणीचे पंप भरभरून पाठीवर आणले. अख्खं गाव रस्त्यावर फवारा मारत चाललंय असा देखावा होता. मुरमाला अळी पडली काय, असं एका वाटसरूने विचारलं. रोलर मात्र तालुक्यात एकच आणि तोही साहेबांचाच.

तेव्हा मला मामा आठवले. मामा म्हणजे सगळ्या गावाचे मामा, शेकड्यांनी मेंढरं राखणारे धनगर. आमच्याकडे शेतकरी मामांना विनवून मेंढरं रानात बसवून घेतात. लेंड्यांचं खत पडतं आणि वरून माती दबते ती वेगळी. मी म्हणालो, मामा, यंदा मेंढरं रस्त्यावर चालवा. मामा म्हणाले, मेंढरू लंगडलं तर लग्न तुझं आणि दवाखाना माझा. शेवटी दोन्ही टोकांना सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, टाकायचं कबूल केलं, तेव्हा मामांनी म्होरक्या बोकडाला पुढे घातलं. बोकड निघाला की मागची सगळी मेंढरं मान खाली घालून निघतात, कुठे चाललो हे विचारत नाहीत. गावाला हे बघून थोडं अवघडल्यासारखं झालं.

तो कळप फाट्यापर्यंत जायचा, कुटार खायचा, परत यायचा. बारीक बारीक खुरांनी मुरूम असा बसला, की वर अंडं ठेवलं असतं तर घरंगळत वारंगा फाट्याला जाऊन चहाच्या टपरीवर उकडून आलं असतं.

आणि मग साहेब आले. पुढे जीप, मागे जेसीबी, त्याच्या मागे रिकामे टिप्पर. मुरूम कुठे गेला म्हणून ते खिडकीतून डोकावून बघत होते, आणि त्यांची जीप त्याच मुरमावरून सुरसुरत आमच्या दारात येऊन उभी राहिली. काका हार घेऊन तयारच होते. साहेब हार घालून घेताना पुटपुटले, ‘अवो, पण हे एवढ्यात पसरायचं नव्हतं.’

‘काहून?’ काकांनी विचारलं.

सगळ्या गावाच्या नजरा साहेबांवर. मेंढरंसुद्धा रवंथ थांबवून बघायला लागली. उत्तर द्यायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. साहेबांनी घाम पुसला, जेसीबीकडे बघितलं, टिप्परांकडे बघितलं, आणि म्हणाले की कामाचा दर्जा तपासायला आलोय. मग तपासा म्हणून काकांनी त्यांना बूट काढायला लावून लेंड्यांतून फाट्यापर्यंत चालवत नेलं आणि परत आणलं. दर्जा चांगला आहे असं साहेबांनी चार माणसांसमोर कबूल केलं.

ते ओसरीवर पाय धुऊन चहाला बसले, तोवर दुसरी जीप दारात आली. पोरीचा बाप. दिवाळी उरकून, वचनाप्रमाणे, न रुतता. माझ्या काळजाचं काय झालं ते सांगत नाही, कारण कोणी विश्वास ठेवणार नाही. मी सुपारी घेऊन पुढे झालो. पण पाव्हणा घरात येईना. तो रस्त्यावर उकिडवा बसला, मूठभर मुरूम उचलून त्याने उन्हात धरला आणि उभा राहिला.

‘ह्यो मुरूम आमच्या गावाला यायचा होता,’ तो म्हणाला. ‘भूमिपूजनाचा मांडव घालून, बाजा सांगून बसलोय आमी.’

पुढचं गाव म्हणजे तिचंच गाव होतं. पाव्हण्याचं म्हणणं सरळ होतं. आमच्या लेकीच्या गावचा रस्ता तुम्ही गिळला आणि आता लेकही मागता. आमच्या दारात मुरूम पडेस्तोवर सुपारी खिशातच राहणार. तो जीपमध्ये बसून निघून गेला. साहेबही मागच्या दाराने निघाले होते, पण मी त्यांना धरलं.

त्या दिवसापासून मी साहेबांना गोचिडासारखा चिकटलो. त्यांची सभा जिथे, मी तिथे पहिल्या रांगेत. विकासावर बोलून झालं की मी उठायचो आणि हात जोडून विचारायचो, साहेब, माझ्या लग्नाचं काय? वारंगा फाट्यावर ते भजी खायला थांबले की मी समोरच्या बाकावर. बारशाला गेले की पाळण्याच्या पलीकडे मी. बातमी पसरली. बायका त्यांना ओवाळायच्या ऐवजी आरतीचं ताट मागे ओढून विचारायला लागल्या, त्या लेकराचं लगीन काहून अडवून राहिले? समोरच्या उमेदवाराने तर त्याच्या भाषणाची सुरुवातच माझ्यापासून केली. शेवटी साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं की वसमतच्या कारखान्यात चिकटवून देऊ का. मी म्हणालो, नोकरी नको, मुरूम द्या.

आणि त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा मुरूम विकत घेतला. पाव्हण्याने प्रत्येक ढीग हाताने उकरून बघितला. त्यात कोणाची चप्पल निघाली नाही, तेव्हा सुपारी फुटली.

नवरदेवाची वरात मेंढरांच्या मागे गेलेली तुम्ही ऐकली नसेल. माझी गेली. पुढे बोकड, मागे कळप, त्यामागे बाजा, आणि धुळीत लाल झालेला मी. मुरूम दाबून झाल्यावरच आम्हाला मांडवात घेतलं.

साहेब प्रमुख पाहुणे होते. मंगलाष्टकं अर्ध्यावर थांबवून त्यांनी माइक घेतला. हे लग्न म्हणजे माझ्या विकासकामाचंच फळ आहे, असं म्हणून त्यांनी अक्षता हातात धरलेल्या माणसांकडे मतं मागितली. भाषण लांबत गेलं. तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला आणि माइक मागायला लागला. नवरीला नाही कसं म्हणणार? साहेबांनी दिला.

‘साहेब, उपकार हाईत तुमचे,’ ती म्हणाली. ‘आता पुढचं गाव माझ्या मामाचं. तिथं माझ्या मामेबहिणीचं जमून राहिलंय. मुरूम कधी टाकता?’

‘टाकू की, ताई. निवडून आलो की पहिलं काम—’

‘न्हाई. आधी टाका. मेंढरं मोकळीच हाईत.’

मांडवात एक बाई हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. साहेबांनी माइक परत मागितला नाही. घाईघाईने अक्षता टाकल्या, जेवणही न घेता जीपमध्ये जाऊन बसले. पण धनगर मामांनी नवरीचं बोलणं ऐकून केव्हाच कळप उठवला होता आणि तो तिच्या मामाच्या गावाच्या दिशेने, रस्ता भरून, निवांत चालला होता. बाजूला खड्डे, मधे मेंढरं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून हात दुखवून घेतला. कळपाच्या मागे साहेबांची जीप माणसाच्या चालीने सरकत होती, आणि टपावरचा भोंगा बंद करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. विकासाची गाडी आता कोणी अडवू शकत नाही, असं तो शिवारभर ओरडत होता.