मावशींनी लपवलेलं लोणी

दोऱ्याच्या कारखान्यात चारशे माणसं कामाला होती आणि त्या चारशेही जणांच्या त्या मावशी होत्या. कँटीनच्या चुलीपुढे बावीस वर्षं काढल्यावर त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीपुरतंच उरलं होतं. साहेब असो की झाडूवाला, ताट पुढे करून "आज भूक नाही" म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. "भूक नाही म्हणजे? बायकोशी भांडून आलास ना? मग दोन घास जास्त खा, संध्याकाळी पुन्हा भांडायचंय!" असं म्हणत मावशी भाताचा डोंगर रचून मोकळ्या व्हायच्या.

स्वतः मात्र त्या ताट घेऊन बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तळहातावर रस्सा घ्यायचा, जिभेला लावायचा, पुढच्या पातेल्याकडे वळायचं. घरीही तीच तऱ्हा. नवरा बसचा ड्रायव्हर, त्याच्या पाळ्यांना धरबंध नाही, त्यामुळे तिघं एकत्र जेवायला बसली असं वर्षातून दोनचारदाच व्हायचं. कुणी विचारलंच, तर मावशींचं उत्तर ठरलेलं, "चाखून चाखूनच पोट भरलं माझं."

म्हणूनच एकुलत्या लेकीने, छकुलीने, सोळाव्या वर्षी स्वयंपाकघराचा ताबा घेतला तेव्हा मावशींना आभाळ ठेंगणं झालं. पोरगी आईवर गेली! आईवडिलांना आग्रह करकरून वाढायची, ते खाताना टक लावून बघायची, आणि स्वतःचं विचारलं की हसून म्हणायची, "आई, चाखून चाखूनच पोट भरलं." आता या वाक्यावर मावशींनी शंका कशी घ्यावी? जन्मभर तेच तर बोलत आल्या होत्या. चारशे माणसांपैकी कोण अर्ध्या पोटी उठलं ते लांबून ओळखणाऱ्या बाईला घरातलं दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

छकुली अंगावर स्वेटर चढवून उन्हात बसू लागली, तिचे केस कंगव्यात पुंजक्यांनी येऊ लागले, आणि एक दिवस ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठे प्रकरण दवाखान्यात गेलं.

डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. "याला ॲनोरेक्सिया म्हणतात. हा हट्ट नाही, नटण्याचं खूळही नाही. आजार आहे. हिला भूक लागते, पण घास समोर आला की कड्याच्या टोकावर उभं केल्यासारखी भीती वाटते. आणि शरीर उपाशी राहिलं की ती भीती आणखी वाढते."

"माझं काय चुकलं हो?" मावशींनी विचारलं.

"ते शोधत बसायला आत्ता वेळ नाही. अन्न हेच औषध. काय आणि किती खायचं ते सध्या तुम्ही दोघांनी ठरवायचं, तिने नाही. दर शुक्रवारी मी नाडी बघणार. आणखी घसरली तर दाखल करावं लागेल. हृदय थकलंय तिचं."

हृदय थकलंय. सतरा वर्षांच्या पोरीचं! मावशी घरी आल्या आणि ओट्याला टेकून ओक्साबोक्शी रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी आपलं डोकं चालवलं, आणि तिथेच घोळ झाला.

चारशे जणांच्या कँटीनची ती अनुभवी स्वयंपाकीण. ज्याला भोपळा आवडत नाही त्याला भोपळा खाऊ घालून वर "वा!" म्हणवून घेणारी. पोरीच्या पोटात चार घासांचं बळ गुपचूप घालणं म्हणजे डाव्या हातचा मळ. छकुली फक्त पातळ सुपाला तयार व्हायची, म्हणून मावशींनी त्यात लोणी घोटलं. असं घोटलं की रंग बदलला नाही, वास आला नाही. तीन दिवस छकुलीने वाटी संपवली. मावशी मनातल्या मनात नाचल्या.

पण कँटीनमध्ये सूप कधी थंड झालेलं मावशींनी पाहिलंच नव्हतं. तिथे माणसं भोंगा व्हायच्या आत वाफाळतं सूप घशाखाली उतरवतात. छकुलीला एका वाटीला तास लागायचा. चौथ्या दिवशी तिने चमचा उचलला तर वर पिवळी साय धरलेली.

तिने बोटाने ती साय सारली, वास घेतला आणि आईकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तूसुद्धा?" एवढंच बोलली आणि खोलीत गेली. त्यानंतर आईच्या हातचं पाणीही घेईना. घेतलंच तर बंद पाकिटातलं बिस्कीट, तेही चारदा उलटंसुलटं करून. चारशे माणसं जिच्या हातचं डोळे मिटून खातात, तिच्या लेकीला तिच्या हातचं विष वाटू लागलं. मावशींना हे जिव्हारी लागलं, आणि का लागू नये?

शुक्रवारी नाडी थोडी घसरलेली निघाली, आणि मावशींनी लोण्याचं सगळं सांगून टाकलं.

"लोणी घातलंत ते बरोबरच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लपवलंत ते चुकलं. हा आजार रात्रंदिवस तिच्याशी खोटं बोलतो. त्यात आईही खोटं बोलली, तर तिने विश्वास कुणावर ठेवायचा? उद्यापासून तिच्यासमोर घाला. रडेल, शिव्या देईल. देऊ दे. आणि तुम्ही काय जेवता?"

"मी? माझं काय, चाखून चाखूनच..." मावशी म्हणाल्या आणि तिथेच अडखळल्या.

"ताट घेऊन बसायचं. तिच्या शेजारी. तिचं संपेपर्यंत उठायचं नाही. घसरण थोडीच आहे, म्हणून पुढच्या शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर दाखल."

मावशींनी कँटीनमधून रजा काढली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याने पाळी बदलून घेतली. आणि टेबलावर लढाई सुरू झाली. छकुलीसमोर भातावर लोण्याचा गोळा पडला की ती खुर्ची मागे सरकवायची. पहिल्या दिवशी ताट भिंतीवर गेलं. मावशींनी सांडलेला भात गोळा केला आणि दुसरं ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, "तू माझी वैरीण आहेस." मावशी म्हणाल्या, "असेन. घास घे." शेजारी नवरा गाडी चालवल्यासारखा सरळ समोर बघत बसायचा आणि दर पाच मिनिटांनी एकच वाक्य बोलायचा, "आम्ही इथेच आहोत, बाळा."

छकुली बरी व्हायला पुढे दीड वर्ष लागलं. मधे एकदा इस्पितळात राहावं लागलं, दोनदा सगळं पहिल्यापासून करावं लागलं, समुपदेशकाकडे खेपा तर किती झाल्या त्याला गणतीच नाही. बरं होणं हा काही सरळ रस्ता नव्हे. पण खरी सुरुवात कधी झाली असं कुणी विचारलं, तर मावशी त्याच आठवड्यातली गुरुवारची दुपार सांगतात.

त्या दिवशी भात निवून गोळा झाला होता. दीड तास होऊन गेला तरी छकुलीने चमचा धरलेला नव्हता. मावशींचा धीर सुटला. "बाई गं, मी हरले," त्या म्हणाल्या. "नको असेल तर राहू दे." आणि ताट उचलायला त्यांनी हात पुढे केला.

छकुलीने तो हात घट्ट धरला. तिची बोटं बर्फासारखी गार होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, जणू घरात आणखी कुणी ऐकत होतं, आणि आईच्या कानाशी येऊन पुटपुटली, "आई, मी खायचं ठरवलं तर ते डोक्यातलं मला आतून सोलून काढतं. तू वाढलंस तर माझा इलाज नसतो. मी नाही म्हणाले ना, तरी तू वाढ."

डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून मावशींनी गार भात बाजूला केला आणि पातेल्यातला गरम भात डावावर घेतला.

"नको," छकुली मोठ्याने म्हणाली.

मावशींनी वाढला.