कोपऱ्यातले तीन आकडे

कारखान्यात त्यांना सगळे बिनचूककाका म्हणायचे. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण थट्टेत ठेवलेलं नव्हतं. रसायनांच्या रिकाम्या टाकीत उतरायचं, पोलादी पत्र्याला मोजणीच्या यंत्राचं टोक टेकवायचं आणि पत्रा किती मिलिमीटर उरलाय ते वहीत लिहायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. अ‍ॅसिड आतून पत्रा खातं. किती खाल्लं ते बाहेरून कळत नाही, म्हणून कुणालातरी आत जावं लागतं. टाकी धुवा, वारा खेळवा, तरी आत डोळे चुरचुरायचेच. तोंडावर मुखवटा, हातात दिवा, कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक दारावर बसलेल्या दोरीवाल्याच्या हातात; आतला माणूस कोसळला तर त्याने ओढून काढायचं. काका आणि हा दोरीवाला, जोडी अठरा वर्षांची. "माझ्यापेक्षा तुमचं त्याच्याशी जास्त जमतं," असं काकू म्हणायच्या आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

काकांनी लिहिलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवा इंजिनिअर आला की मोठे साहेब आधी त्याला काकांची वही दाखवायचे. काका तोंडावर "कशाला साहेब, राहू द्या" म्हणायचे आणि घरी जाऊन तीच गोष्ट दोनदा सांगायचे. माणूसच तो, कौतुक कुणाला कडू लागतं?

मग ते यंत्र आलं. बुटांच्या खोक्याएवढं, चार लोहचुंबकाची चाकं, पोटाखाली मोजणीचं टोक, डोक्यावर दिवा आणि कॅमेरा, मागे लांबलचक वायर. टाकीच्या उभ्या भिंतीवर सरसर चढायचं. त्याच्याबरोबर ते चालवणाऱ्या बाई आल्या होत्या, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. दाराबाहेर स्टुलावर बसून, मांडीवरच्या पडद्यात बघत त्या यंत्र आत फिरवायच्या. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं गोगलगाय.

"गोगलगाय नि पोटात पाय," दोरीवाला म्हणायचा. "बघालच तुम्ही. आपल्या मुळावर येणार ही."

त्याचं काय चुकत होतं? माणूस आत जाणार नसेल तर दोरी कशाला, आणि दोरी नसेल तर दोरीवाला कशाला? त्याला दोन मुली होत्या शिकणाऱ्या. जेवायच्या सुट्टीत तो डबा उघडायचा आणि तसाच झाकायचा.

पहिल्याच आठवड्यात गोगलगाय तोंडावर आपटली. चार नंबरच्या टाकीत एका जागी तिने पत्रा सांगितला फक्त तीन मिलिमीटर. काका आत गेले, गंजाचा पापुद्रा खरवडला, मोजलं. चांगला दहा भरला! कामगारांनी टाळ्या वाजवल्या. यंत्रवाल्या बाईंनी निमूटपणे चूक लिहून घेतली.

शुक्रवारी सात नंबरच्या टाकीची पाळी आली. या टाकीच्या तळाशी वाफेच्या नळ्यांचं वेटोळं आहे आणि त्यामागे एक अडचणीचा कोपरा. माणसाला तिथे पोटावर सरपटत जावं लागतं. गोगलगाय नळ्यांखालून सुळकन गेली. पडद्यावर आकडे आले: चार पॉइंट आठ, चार पॉइंट सहा, पाच. बाईंनी काकांची वही उघडली. दोन वर्षांपूर्वीचे त्याच कोपऱ्यातले तीन आकडे होते नऊ पॉइंट चार, नऊ पॉइंट तीन, नऊ पॉइंट चार.

"दोन वर्षांत निम्मा पत्रा गेला? छे!" मोठे साहेब म्हणाले. "तुमचं यंत्र पुन्हा घसरलं."

"कुणीतरी आत जाऊन खात्री करावी," बाई म्हणाल्या.

"काका गेलेच होते की! आता माणूस उतरवायचा म्हणजे पुन्हा वारा, पुन्हा परवाने, दोन दिवस गेले. सोमवारी टाकी भरायची आहे." मग साहेब काकांकडे वळले. "तुम्ही एक ओळ लिहून द्या, वहीतले आकडे बरोबर आहेत म्हणून. हे यंत्र परत पाठवून देऊ."

बाहेर हां हां म्हणता बातमी पसरली. "सुंठीवाचून खोकला गेला!" असं म्हणत दोरीवाल्याने काकांना मिठीच मारली.

आणि काकांच्या मात्र पाचावर धारण बसली. कारण दोन वर्षांपूर्वी त्या कोपऱ्यात ते गेलेच नव्हते.

त्याच्या आधीच्या तपासणीत, त्याच नळ्यांखाली, त्यांच्या मुखवट्याची हवेची नळी अडकली होती. पुढे जाता येईना, मागे येता येईना. सुटायला दहा मिनिटं लागली असतील, पण त्या दहा मिनिटांत ते पुरते संपले होते. बाहेर येऊन हसले, चहा प्यायले, कुणाला काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेला त्या नळ्यांपाशी गुडघे टेकले आणि छाती अशी धडधडायला लागली की डोळ्यांपुढे काळोख. बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. मग अलीकडचाच पत्रा मोजला, आधीच्या आकड्यांतून थोडं वजा केलं आणि कोपऱ्याचे तीन आकडे लिहून टाकले. तिन्ही सारखे दिसले तर शंका येईल म्हणून मधला एक कमी. खोटंही बिनचूकच केलं बिचाऱ्यांनी! ज्याने आयुष्यात कधी असल्या भोकात डोकं घातलं नाही, त्याने या माणसाला भित्रा म्हणायला उगाच तोंड उघडू नये. पण आकडे खोटे होते ते होतेच.

शनिवारी दुपारी काकू त्यांच्या कामाच्या डगल्याला बटण लावत बसल्या होत्या. काकांनी सगळं सांगून टाकलं. सांगताना ते बटणाकडेच बघत होते.

"त्या कोपऱ्याच्या बाहेर काय आहे?" काकूंनी विचारलं.

"पंपाची खोली. भिंतीला लागूनच. पाळीला दोघं बसतात."

"मग विचार कसला करताय?"

"एकतीस वर्षांचं नाव आहे गं. नाक कापलं जाईल. आणि माझ्या शब्दावर यंत्र जाणार म्हणून ती सगळी पोरं खूश आहेत. त्यांना काय तोंड दाखवू?"

काकूंनी दाताने दोरा तोडला. "अहो, उद्या त्या दोघांवर अ‍ॅसिड कोसळलं तर तुमच्या नाकाचं काय लोणचं घालायचंय?"

सोमवारी सकाळी काका साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी कागद तयारच ठेवला होता, फक्त सही हवी होती. यंत्रवाल्या बाई सामान बांधून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"साहेब, टाकी भरू नका," काका म्हणाले. "यंत्र बरोबर आहे. मी तिथे गेलो नव्हतो."

साहेबांना वाटलं काका गंमत करताहेत. ते हसलेही. मग हसू विरलं.

"मग हे नऊ पॉइंट चार आले कुठून?"

"मनाने लिहिले. मला भीती वाटली होती."

त्या दिवशी टाकी भरली नाही. दोन दिवसांनी पत्रा कापून काढला तेव्हा यंत्राचं टोक टेकलं नव्हतं अशा एका जागी जोडाऱ्याने स्क्रूड्रायव्हर दाबला आणि तो आरपार गेला. पंपाच्या खोलीतल्या दोघांनी त्या भोकात आळीपाळीने बोट घालून पाहिलं. साहेबांनी काकांचा सहीचा अधिकार काढून घेतला आणि त्यांना सामानाच्या खोलीत बसवलं. नव्या इंजिनिअरला वही दाखवणं बंद झालं. गोगलगाय राहिली. तिची वायर सोडायला आणि ओढायला दारावर माणूस लागतोच, ते काम बाईंनी साहेबांकडे शब्द टाकून दोरीवाल्याला मिळवून दिलं. एवढं भलं झालं, तरी तो काकांशी पंधरा दिवस बोलला नाही.

शेवटी काकाच चहाचे दोन पेले घेऊन नऊ नंबरच्या टाकीपाशी गेले.

"रागावलास ना?"

"नाही." दोरीवाला वायर सोडत राहिला. मग म्हणाला, "काका, त्या कोपऱ्याला दोरी बावीस हात लागते. दोन वर्षांपूर्वी सोळा हात गेली आणि थांबली. मी मोजली होती."

काकांनी पेले खाली ठेवले. "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक कसलं? तुम्ही बाहेर येऊन वही पुढे केलीत. कोपऱ्याचे आकडे लिहिलेले. म्हटलं, काकांनी लिहिलंय म्हणजे गेलेच असणार, माझंच मोजायला चुकलं." त्याने वायर आणखी हातभर सोडली. "तेव्हापासून माझ्या हातांचा मलाच भरवसा वाटत नाही. आत माणूस असला की दोरी दोन-दोनदा मोजतो. घामाघूम होतो. उद्या माझ्या चुकीने कुणी आत मरेल, असं सारखं वाटायचं. दोन वर्षं, काका."

साहेबांपुढे काकांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"तुझं चुकलं नव्हतं रे," ते म्हणाले. "सोळाच हात होते."