माळवदावरची घळ

माझ्या आत्याचं घर संगणकानं गावाच्या नकाशातून पुसून टाकलं, तेव्हा ती चुलीपुढं चहाचं आधण ठेवत होती.

मुरुम गावाच्या कडेला, नव्या सिमेंट रस्त्यांचं पाणी जिथं एकदम खाली उतरतं, तिथं एक घळ पडली आहे आणि ती दर पावसाळ्यात गावाकडं सरकते. उपग्रहाच्या चित्रांवरून तिचा नकाशा करणं हे माझं काम. उघड्या पडलेल्या मातीचा नमुना मी संगणकाला दाखवायचा आणि तसाच रंग जिथं जिथं दिसेल तिथं त्यानं लाल भरायचा. त्यानं घळ लाल केली आणि तिच्या काठावरचं आत्याचं घरही.

मी लॅपटॉप तिच्यापुढं धरला.

"अगं बया, मी घळीत हाय व्हय?" पदर तोंडाला लावून ती खो खो हसली. "मंग ह्यो च्या कुणी केला?"

या हसण्यावर मी लहानपणापासून भाळलेली आहे. आमच्या खानदानात असं हसणारी ती एकटीच, बाकीचे आम्ही कपाळाला आठ्या घेऊनच जन्मलो.

चूक लगेच सापडली. आत्याच्या घराला माळवद आहे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर. पावसाआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, हा त्या आळीचा रिवाज. चित्र उन्हाळ्यातलं, थर ताजा. मी संगणकाला चार शिव्या हासडल्या आणि घर लाल रंगातून सोडवलं.

मग सहज विचारलं, "आत्या, ही माती आणता कुठनं?"

"कुठनं म्हंजी? ही काय, मागनं. घळीच्या काठाला चांगली पांढरी लागती. समदी आळी तिथनंच नेती."

माझा चहा तसाच निवून गेला. संगणक फारसा चुकला नव्हता, छपरावर घळीचीच माती होती. मी मागच्या वर्षांची चित्रं एकावर एक ठेवून पाहिली. दर उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधीच, काठ थोडा आत आलेला. पाणी तर कापत होतंच, पण उकरलेला भुसभुशीत काठ त्याला आयता मिळत होता. आत्याचा गोठा होता तिथं आता खड्डा होता, आणि पुढचा नंबर घराच्या मागच्या भिंतीचा होता.

हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. या घरात ती नवरी होऊन आली, नवऱ्याचं शेवटचं दुखणं तिनं इथंच काढलं. घर सोडा म्हणणाऱ्या सख्ख्या भावाशीही तिनं अबोला धरला होता. तरी मी एकेक चित्र दाखवलं आणि म्हटलं, "आत्या, ही भिंत यंदाचा पावसाळा काढंल असं वाटंना. तुम्ही माझ्याकडं चला."

ती हसली नाही. पडद्यावर बोट ठेवून गोठ्याची जागा शोधत राहिली. आता ही मला कायमची तोडणार, असं मला वाटलं.

"तुझ्या धाराशिवच्या घरात उन्हाळ्याचं निजायचं कुठं?" तिनं विचारलं. "मला आत कोंडल्यावानी व्हतं."

"गच्ची हाय की."

"वारं येतं?"

"लई."

ती उठली. भिंतीला टेकवलेली बाज तिनं आडवी केली आणि पदर कमरेला खोचला.

"मंग धर ते टोक. गाडीत मावती का बघू."