लाल गाठींचा दोर

भडगाव तालुक्यात गिरणाकाठच्या एका गावात वच्छलाक्का राहते. वय बासष्ट, शिक्षण सातवी, बोलणं रोखठोक. गेली नऊ वर्षं दर सोमवारी ती गावातल्या बारा विहिरींचं पाणी मोजते आणि वहीत लिहिते. कुणी विचारलं, कशाला एवढा उपद्व्याप, तर म्हणते, "आते सवय पडी गई."

ही सवय लावली एका संशोधन प्रकल्पानं. शाश्वत विकास, भूजल व्यवस्थापन, असं लांबलचक नाव होतं त्याचं. प्रकल्पानं तिला टेप दिला, वही दिली, आणि तीन वर्षांनी मार्च संपता संपता टेप परत मागितला. का, तर म्हणे ती प्रकल्पाची मालमत्ता! अक्कानं टेप अंगणात पसरला, शेजारी विहिरीचा दोर ताणला, दर मीटरला लाल लोकरीची गाठ मारली, आणि मग टेप देऊन टाकला. तेव्हापासून दोराला लोटा बांधून तिचं मोजणं चालू आहे.

पुढे दुसरा प्रकल्प आला, मग तिसरा. तऱ्हा तीच. दर एकतीस मार्चला निधी थांबतो, प्रकल्पाची पोरं घरी जातात, नवी मंजुरी येईस्तोवर पोळा उजाडतो. आता तुम्हीच सांगा, खानदेशात विहीर तळ गाठते कधी? एप्रिल, मे, जूनमध्ये! टंचाईचा अभ्यास करणारे नेमके टंचाईत गायब. वरच्या अंगाच्या चार विहिरी उन्हाळ्यात आटतात हे अक्काच्या वहीशिवाय कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मागचा बंधारा खालच्या अंगाला बांधला गेला. अक्काचं घर वरच्या अंगाला आहे.

यंदा तीस मार्चला धुळ्यात तिसऱ्या प्रकल्पाची शेवटची बैठक होती. प्रकल्पात काम करणाऱ्या स्नेहलनं अक्काला आग्रहानं नेलं. "अक्का, वह्या घेऊन चला. या नोंदी अहवालात आल्या तर पुढचा बंधारा तरी वरच्या अंगाला होईल."

मोठ्या साहेबांनी वही उघडली आणि मिटली. "या नोंदी प्रकल्प कालावधीच्या बाहेरच्या आहेत. घेता येणार नाहीत."

अहवालात तर छापूनही झालं होतं: 'उन्हाळी नोंदी उपलब्ध नाहीत.' नऊ उन्हाळे टेबलावर पडलेले, आणि म्हणे उपलब्ध नाहीत! झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं करणार? स्नेहलची मान खाली गेली.

"मंग हाई काय शे?" अक्कानं वहीवर बोट ठेवून विचारलं.

उत्तर म्हणून साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. उद्याच्या आत अहवाल पाठवायचा तर त्यावर अक्काची सही हवी होती. नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, 'लाभार्थी'.

अक्कानं तो शब्द दोनदा वाचला.

"लाभार्थी? मी काय लिधं तुमनं? नऊ वरीस मीच दिन्हं ना!" तिनं पेन उचललं, शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'मोजणारी'.

"अहो, शीट खराब केलीत!" साहेबांनी नवी प्रत काढायला लावली. नव्या कागदावर तोच शब्द. अक्कानं तोही खोडला.

"अक्का, सही तेवढी करा. मार्च एंड आहे," साहेब म्हणाले.

"पह्यले अहवालमातलं ते वाक्य खोडा, मंग सही करसु."

"ते आता फायनल झालंय."

"तुमना मार्च सरी जास, भाऊ. मना एप्रिल सुरू व्हस." अक्कानं वह्या पिशवीत घातल्या आणि ती उठली.

पुढच्या सोमवारी सकाळी तिनं वरच्या अंगाच्या पहिल्या विहिरीत दोर सोडला. एकामागून एक लाल गाठी हातातून सरकत गेल्या आणि लोटा ठणकन दगडावर आपटला. यंदा एप्रिल लागतालागताच! तिनं वहीत तारीख टाकली, पुढे लिहिलं, पाणी नाही. आणि त्याखाली आपली सही केली.