बार्बाडोसचं बेणं

मला एका जागी बसवत नाही. शाळेत मास्तर म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. अशा माणसानं समुद्रावरच्या बोटीत नोकरी धरली म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, आता याचं भागेल. कसलं भागतंय! बोट फिरते, माणूस नाही. माणूस पाण्याच्या पातळीखालच्या बिनखिडकीच्या खोलीतून उठतो, लोखंडी जिने चढतो, एका गालिचा घातलेल्या बोळात दिवसभर इकडून तिकडे होतो आणि पुन्हा खाली येऊन झोपतो. आठ महिन्यांत मी पाच बेटांना तीसेक वेळा लागलो असेन. तरी मला आठवतो तो तो बोळच.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. पुण्यात हॉटेलचा कोर्स करून मी एका मोठ्या पर्यटक बोटीवर रूम बॉय म्हणून लागलो. माझ्याकडे अठरा खोल्या. सकाळी आठला गाडा ढकलत निघायचं, चादरी बदलायच्या, संडास-बाथरूम घासायचं, आरशावरचे बोटांचे ठसे पुसायचे. दुपारी दोन-अडीच तास मोकळे. संध्याकाळी पुन्हा त्याच अठरा खोल्या. पाहुणे जेवायला गेले की पलंगावरच्या पांघरुणाची घडी उलगडायची, उशीवर चॉकलेट ठेवायचं आणि टॉवेलला पिळे घालून त्याचा हत्ती, हंस नाहीतर माकड करून पलंगावर बसवायचं. एक अमेरिकन म्हातारी माझ्या हत्तीचा रोज फोटो काढायची. मला त्या हत्तीचा इतका कंटाळा आला होता, की एक दिवस मी मुद्दाम त्याला सोंडच केली नाही. तिनं त्याचाही फोटो काढला.

दर आठवड्याला तीच बेटं, त्याच क्रमानं. शनिवारी जुने पाहुणे उतरायचे, नवे चढायचे, आणि नव्यांनाही जुन्यांचेच प्रश्न पडायचे. बंदराला लागलं की माझी चुळबूळ सुरू व्हायची. जमिनीवर पाय टेकवून यायचा, एवढंच. दुकानं नकोत, समुद्रकिनारा नको. घट्ट, न हलणारी जमीन हवी.

आता खरं सांगायचं ते सांगतो. मी निघालो तेव्हा वडील माझ्याशी बोलत नव्हते. आमचं गाव पेठपासून आत, तीन-चार किलोमीटरवर. विहिरीवर बागायत, ऊस पारगावच्या कारखान्याला जायचा. मी एकुलता एक. हॉटेलचा कोर्स म्हणजे मॅनेजर व्हायचा कोर्स, अशी वडिलांची समजूत. ती मीच करून दिली होती. बोटीवर नेमकं काय काम, हे त्यांना गावातल्या कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी ते भरल्या ताटावरून उठले. "लोकांची हातरुनं झटकायला शिकवलं व्हय तुला?" एवढं म्हणाले. त्यानंतर पंधरा दिवस घरात आम्ही दोघं एकमेकांना चुकवत फिरत होतो. निघायच्या दिवशी आई रस्त्यापर्यंत आली, वडील मोटर चालू करायला विहिरीवर गेले. वीज नव्हती, तरी गेले.

घरी तेव्हा नुकताच फोन बसला होता. बोट बार्बाडोसला सकाळी लवकर लागायची. सातला शिडी उघडली की मी धावत बाहेर पडायचो, कार्ड घालून बोलायच्या फोनपाशी रांगेत सगळ्यात पुढे. तिथले सात म्हणजे आमच्याकडचे साडेचार, म्हशींच्या धारांची वेळ. आठच्या आत गाड्यापाशी हजर व्हायचं असे. आई फोन उचलायची, तिकडचं हवापाणी विचारायची, जेवण विचारायची. मी म्हणायचो, "आप्पांना दे ना." ती म्हणायची, "गोठ्यात हायेत रे ते." तीन महिने, दर आठवड्याला, गोठ्यात. मागून खोकल्याचा आवाज यायचा. गोठा घरापासून शंभर पावलांवर, आणि खोकला अगदी फोनजवळ. मला राग यायचा. मग दिवसभर चादरींना मी असे हिसके द्यायचो की काय विचारता.

फेब्रुवारीत एका दुपारी बार्बाडोसमध्ये असाच पाय मोकळे करायला म्हणून एका छोट्या गाडीत बसलो आणि ती नेईल तिकडे गेलो. अर्ध्या तासानं दोन्ही बाजूंना ऊस. मी ओरडूनच गाडी थांबवली. तोड चालू होती. उसाच्या कडेनं चालत गेलो, पाचटाचा वास आला आणि मला तिथेच मटकन खाली बसावंसं वाटलं. बसलो नाही, कारण ऊस बघत होतो. जाड, जांभळट, पेरं वीतभर लांब, कोंब फुटायचे डोळे टपोरे. असा ऊस आमच्या भागात मी पाहिला नव्हता.

आमच्याकडे एक रीत आहे. दुसऱ्याच्या रानात चांगलं पीक दिसलं, की त्याचं बेणं मागायचं. लावण्यापुरतं, मूठभर. समोरचा नाही म्हणत नाही, आणि मागणाराही लाजत नाही. वडील लग्नाला गेले तरी येताना धोतराच्या सोग्यात कसलं तरी बेणं बांधून आणायचे. मी तोडणाऱ्या काळ्या म्हाताऱ्याला खुणा केल्या. त्यानं हसत एक ऊस घेतला आणि सपासप सोलायला लागला. त्याला वाटलं, मला खायचाय. मी "नो, नो" करत त्याचा हातच धरला. बोटानं डोळे दाखवले, मातीत पुरायची खूण केली. मग त्याला समजलं. त्यानं स्वतः हिंडून एक ऊस निवडला आणि दोन-दोन डोळ्यांच्या चार टिपऱ्या तोडून माझ्या हातावर ठेवल्या. शेतकरी कुठलाही असो, बेणं देताना निवडूनच देतो.

बोटीवर फळ, भाजी, माती, रोप काहीही आणायला सक्त मनाई. हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, त्याच्या कागदावर माझी सही होती. पण खरं सांगतो, बेणं आणण्यात काही चूक आहे असं माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं. बेणं म्हणजे काय चोरीचा माल आहे? मी दोन-दोन टिपऱ्या दोन्ही मोज्यांत घातल्या, वर रबर लावले, पँट खाली ओढली आणि सैनिकासारखा ताठ पायांनी शिडी चढलो. खोलीत एका प्लास्टिकच्या डब्यात ओल्या फडक्यात त्या गुंडाळल्या आणि कपाटात मागे सारल्या. खोलीतला दुसरा मुलगा गोव्याचा. तो म्हणाला, "तू मरणार आणि मलाही मारणार."

पुढच्या आठवड्यात आईला सांगितलं, "आप्पांना सांग, इथल्या उसाचं बेणं घेतलंय." पलीकडे काहीतरी खडखडलं, आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा वडिलांचा आवाज आला.

"पेरं केवढं हाय?"

"वीतभर."

"डोळं?"

"फुगलेत. टपोरे आहेत."

"तुरा आल्याला व्हता का? तुरा आला असंल तर बुडख्याकडलं घ्यायचं न्हाई, शेंड्याकडलं घ्यायचं. सुकू देऊ नगं. आन् लई पानी बी नगं, कुजंल." मग, "आडसालीला लावू, पावसाळ्यात. जुलैत येनार ना तू?"

कसा आहेस, असं त्यांनी विचारलं नाही. मला त्याची गरजही वाटली नाही. त्या सकाळी मी अठरा खोल्या दीड तास आधी संपवल्या.

त्याच संध्याकाळी खोल्यांची तपासणी झाली. पांढऱ्या हातमोज्यातल्या अधिकाऱ्यानं कपाटाच्या मागे हात घातला आणि डबा बाहेर काढला. दोन डोळ्यांतून कोंब निघाले होते, नखाएवढे, पोपटी. त्यानं ते माझ्यापुढे धरून विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, "सीड, फॉर माय फादर." तो माणूस वाईट नव्हता. पिवळ्या पिशवीत टाकताना "सॉरी" म्हणाला. टिपऱ्या बोटीच्या भट्टीत जळाल्या आणि मला लेखी ताकीद मिळाली. आणखी एक चूक झाली की पुढच्या बंदरातून घरी. ताकिदीचं मला फारसं काही वाटलं नाही. धास्ती होती ती पुढच्या आठवड्याच्या फोनची.

पुढच्या आठवड्यात फोन वडिलांनीच उचलला. पहिल्याच घंटीला. "कोंब आलं का?"

मी म्हणालो, "आले."

ते एक वाक्य निघालं आणि पुढचे पाच महिने मी त्याच्यामागे फरफटत गेलो. दर आठवड्याला ऊस वाढवायचा. कधी दोन पानं, कधी चार. एकदा वडिलांनी विचारलं, फुटवे किती. मी म्हणालो, तीन. ते खूश होऊन म्हणाले, "डब्यात तीन फुटवं? जात लई जोमदार हाय की रं!" मग मी घाबरून एक फुटवा मारला. पुढच्या आठवड्यात सांगितलं, एक वाळला. ते इतके हळहळले की मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली. जेवताना, गाडा ढकलताना, टॉवेलचा हंस करताना माझ्या डोक्यात तो नसलेला ऊस वाढत होता. खरं सांगावं तर वडील पुन्हा गोठ्यात जाणार. न सांगावं तर जुलै जवळ येणार. रात्री डोळा लागायचा नाही, आणि दिवसा मी बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाचच फेऱ्या मारायचो. गोव्याचा मुलगा म्हणायचा, "बस रे एक मिनिट, मला चक्कर येते."

जुलैत उतरलो. मुंबई, पुणे, मग नाशिकची एसटी. सीटवर मी अंग टेकलंच नाही, दारापाशी उभा होतो. कंडक्टर म्हणाला, "पावणं, बसा की, गाडी तुमच्या उभ्यानं लवकर न्हाई पोचायची." पेठला उतरलो. पावसाळ्यामुळे रसवंत्या बंद होत्या, एकच चालू होती. मी तिथे गेलो आणि मोळीतला सगळ्यात जाड, त्यातल्या त्यात तांबूस ऊस काढला. त्याच्या चार टिपऱ्या करून घेतल्या. त्या विमानतळावरच्या चकचकीत पिशवीत गुंडाळल्या. फोनवर फुटवे आलेला ऊस मी बिनकोंबाचा घेऊन निघालो होतो, काय करतोय ते मला पूर्ण कळत होतं. हात थांबत नव्हते.

घरी न जाता आधी विहिरीवर गेलो, कारण वडील तिथे दिसले. बांधालगत एकच सरी ओढलेली होती. एकटी. शेणखत घालून भुसभुशीत केलेली, शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती बाभळीच्या फांद्या लावलेल्या. शेजारच्या रानातले चुलतेही येऊन थांबले होते. "आलं का बोटीचं बेणं?" ते म्हणाले. "तुजा बाप आठ दिस झालं कुनाला हितं पाय ठिवू देईना."

वडिलांनी पिशवी उघडली. टिपरी हातात घेतली, डोळ्यावरून अंगठा फिरवला, उलटी करून बुडखा पाहिला. ते एवढंच म्हणाले, "हां. हेच ते." आणि खाली बसून चारही टिपऱ्या डोळे बाजूला करून लावल्या, माती सारली, पायानं हलकेच दाबली. चुलते म्हणाले, "लई लांबून आलंय, जीव धरू दे." आणि गेले.

आम्ही दोघं उरलो. वडिलांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "चाकणला घेतलंस का पेठला?"

"पेठला," मी म्हणालो. आणि मग सगळं भडाभडा बोललो. मोजे, तपासणी, भट्टी, ताकीद, फुटवे. शेवटी मी म्हणालो, "सांगितलं असतं तर तुम्ही फोनवर आला नसता. आधी तीन महिने आला होता का?"

वडिलांनी सरीवरचं एक ढेकूळ बोटांनी फोडलं. "राग व्हता," ते म्हणाले. "पन त्यो म्हैनाभरात गेला. मंग येऊन करू काय? फोन हातात घिऊन इचारू काय तुला? बोट मी बघितली न्हाई. समुद्र बघितला न्हाई. तू काय खातो, कुठं निजतो, कायबी ठावं न्हाई मला. उसाचं काढलंस, तवा कुठं बोलता आलं."

इतके महिने मी त्यांना कठोर म्हणत होतो, आणि ते फोनपाशी उभे राहून खोकत होते.

"परत कवा जायाचं?" त्यांनी विचारलं.

"दोन महिन्यांनी."

"मंग जायाच्या आदी येवढं सांगून जा," ते म्हणाले, "ह्या टायमाला फोनवर तुला काय काय इचारायचं."

मी विचार करू लागलो. आठ महिने त्या बोटीवर राहून आलेल्या मला त्यांना द्यायला एकही प्रश्न पटकन सुचेना. ते मात्र वाट बघत तिथेच बांधावर बसले, आणि मीही त्यांच्याशेजारी बसलो.