गाडीत बसल्यावर गाडी दिसत नाही

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साठत जातात. फ्रीजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात तसे. विकत कुणी आणलेल्या नसतात, टाकवतही नाहीत, आणि एक दिवस दारच लागत नाही. माझं दार आता लागत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

माझं लग्न होऊन अजून वर्ष व्हायचंय. नवरा निलेश, नगरच्या एमआयडीसीत नोकरीला. रविवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी माणसं हॉटेलात जातात, देवाला जातात, झोपतात. आम्ही रेल्वे बघायला जातो. रेल्वेने कुठे जात नाही. नुसती बघतो.

आम्ही म्हणजे तिघं. निलेश, त्याचा शाळेपासूनचा मित्र संजू, ज्याचं मोबाईलचं दुकान आहे, आणि श्रीगोंद्याकडचे बबनतात्या, ज्यांचा ऊस आहे आणि वय माझ्या वडिलांइतकं आहे. चौथी मी. मला रीतसर कुणी घेतलं नाही, पण मोटरसायकलवर मागे बसणारा माणूस आपोआप सभासद होतो.

माझं माहेर कोपरगाव. नगरहून सरळ गाडी जाते, मध्ये बदलायचीसुद्धा नाही. तरी लग्न झाल्यापासून आम्ही कोपरगावला गेलो ते एसटीने, नाहीतर मोटरसायकलवर धूळ खात. एकदा मी विचारलं, रेल्वेने का नाही जायचं? निलेशने माझ्याकडे दयेने पाहिलं.

"अगं, गाडीत बसल्यावर गाडी दिसते का?"



*

खरं तर बघण्याच्या कार्यक्रमातच मला कळायला हवं होतं. पोहे झाले, चहा झाला. मामा म्हणाले, मुलाला काही विचारायचं असेल तर विचारून घ्या. निलेशने घसा साफ केला. मी पदर सावरला, मनातल्या मनात शिक्षण, स्वयंपाक, आवडीनिवडी सगळ्यांची उजळणी केली.

"इथून रूळ किती लांब आहेत?" त्याने वडिलांना विचारलं.

वडील खूश झाले. म्हणाले, अगदी जवळ, पहाटे गाडीचा आवाज येतो घरात. मग कोणत्या बाजूची गाडी जास्त ऐकू येते, पुणतांब्याकडून येणारी का मनमाडकडून, यावर दोघांचं बराच वेळ चाललं. रात्री वडील आईला म्हणाले, पोरगा बारीकसारीक चौकशी करणारा आहे, संसार नीट करेल.

मला त्याने काहीच विचारलं नाही. मला वाटलं लाजाळू आहे. तसं काही नव्हतं. त्याला हवं ते कळलं होतं.

*

लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं ते विसापूरला. तिथे तलाव आहे एवढं मला माहीत होतं. मी लग्नातल्या साड्यांमधली बरी साडी काढली. सासूबाईंनी शंकरपाळ्यांचा डबा दिला. पोचलो तर संजू आणि तात्या आधीच येऊन बसलेले, सतरंजी अंथरलेली, आणि तिघांची पाठ तलावाकडे.

मी जरा वेळ पाण्याकडे तोंड करून बसले. मग एकटीनेच उलट्या दिशेला बघत बसणं बरं दिसेना. मीही वळले.

त्या दिवशी मला तीन नियम सांगण्यात आले. रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही, कारण आवाज येतो. आणि फ्रेममध्ये माणूस नको. हात नको, ओढणी नको, डोकं तर अजिबात नको. आणि कुठलीही गाडी गेली की व्हिडिओ आधी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मग बाकीचं जग.

मी नियम पाळले. फक्त गाडी ऐन वळणावर असताना मला शिंक आली. तो व्हिडिओ अजून ग्रुपवर आहे. 'वहिनींची शिंक' या नावाने सगळे तो ओळखतात. तात्या मला पुढे कुठेही भेटले की आधी विचारतात, "सर्दी बरी हाय ना आता?"

*

तात्यांच्या शेताला लागूनच रूळ जातात आणि तिथे सुंदर वळण आहे. सुंदर हा शब्द त्यांचा. इंजिन आणि शेवटचा डबा एकाच वेळी दिसतो म्हणे. अडचण एवढीच, की ऊस वाढला की काहीच दिसत नाही. सगळा श्रीगोंदा ऊस कसा वाढेल या काळजीत असतो, आणि हा एक माणूस ऊस वाढला म्हणून उदास.

शेवटी त्यांनी रुळाकडच्या तुकड्यात ऊस लावणंच बंद केलं. तिथे भुईमूग. भुईमूग बुटका, आड येत नाही. उसाच्या नोंदी घेणारा कारखान्याचा स्लिपबॉय आला तेव्हा त्याने विचारलं, एवढी काळी जमीन, पाणी आहे, मग ऊस का नाही? तात्या म्हणाले, "त्या तुकड्याला ऊस मानवत न्हाई."

तात्यांची बायको, काकू, मला चुलीशी बसवून शेंगा भाजता भाजता म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं जमीन ठिवली. ह्यांनी तिची खिडकी केली."

मग शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तुझं तर आत्ताच लगीन झालंय. खा."

*

रेल्वे फाटक पडलं की लोक शिव्या देतात. आमच्याकडे उलटं. मला एकदा दाढदुखीने काही सुचेना, दवाखान्यात निघालो होतो. फाटकाच्या अलीकडे निलेशने गाडी हळू केली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. आणखी हळू केली. मला वाटलं पेट्रोल संपलं.

"पडेल आता," तो म्हणाला.

पडलं. मालगाडी होती, लांबलचक. मी गाल धरून उभी. शेजारच्या स्कूटीवरची बाई माझ्याकडे बघून हळहळली, म्हणाली, नेमकं अशाच वेळी पडतं बघा. निलेशने ऐकलं, पण त्याचं रेकॉर्डिंग चालू होतं.

*

संजूला आवडतो वांबोरीचा घाट, निलेशला नगर स्टेशनच्या प्लॅटफॉर्मचं टोक. टोकाला उभं राहिलं की सुटणारी अख्खी गाडी समोरून जाते. पण तिथे माणसांचा त्रास. लोकांना खिडकीतून डोकी काढायची सवय असते. मग निलेश गाडी सुटायच्या आधी डब्याडब्यापाशी जाऊन नम्रपणे सांगतो, काका, डोकं आत घ्या. मावशी, हात आत घ्या.

एकदा एक आजोबा लगेच आत झाले आणि निलेशला म्हणाले, "रेल्वेत हाये का तुम्ही? बरं वाटलं. आजकाल कुणी एवढी काळजी घेत न्हाई." आजोबांनी खिडकीतून पेढा दिला. निलेशने खाल्ला.

मी विचारलं, खरं का नाही सांगितलं? तो म्हणाला, "डोकं आत गेलं ना?"

*

घाटातला किस्सा मात्र माझा आहे. एक नवीन इंजिन त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या मार्गावरून जाणार अशी बातमी संजूने आणली होती. ऊन असं की दगडावर बसवेना. तिघं रुळांच्या जवळ, बाभळीच्या नावापुरत्या सावलीत. मी वर टेकाडावर छत्री घेऊन. गाडी लेट झाली, मग आणखी लेट झाली. सासूबाईंच्या डब्यातल्या चपात्या वाळून गेल्या.

शेवटी हॉर्न आला. तिघांनी मोबाईल उचलले. आणि त्याच क्षणी अलीकडच्या रुळावरून विरुद्ध बाजूने मालगाडी आली, मधोमध. मालाच्या वाघिणींमागून वाघिणी. ती संपली तेव्हा पलीकडे फक्त मोकळा रूळ होता.

तिघांनी मोबाईल खाली घेतले. मग तात्या म्हणाले, "येकाचं दोन रूळ झालं. लई विकास झाला."

मी वरून म्हणाले, "मला दिसली. चांगली होती."

तिघांनी मान वर करून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. रंग कोणता? पट्टा होता का? पट्टा वर होता का खाली? नंबर वाचला? तोंड चपटं होतं का टोकदार? मी सगळं सांगायचा प्रयत्न केला. पांढरट होतं. स्वच्छ होतं. संजू डोळे मिटून ऐकत होता.

 परत येताना विळदच्या पुढे आल्यावर निलेश मान किंचित वळवून म्हणाला, "तुला खरंच दिसलं?" त्या दिवशी त्याला माझा हेवा वाटला. नवऱ्याला आपल्याबद्दल काहीतरी वाटावं एवढीच माझी अपेक्षा होती, म्हणून मी तेही ठेवून घेतलं.

*

आणि आता हा शेवटचा.

यंदा अधिक महिना आला. धोंड्याचा. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, लेक-जावयाला पाटावर जोडीने बसवून ओवाळायचं. आमच्या घरातला पहिलाच जावई, त्यामुळे आईने चुलत्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना जेवायला सांगितलेलं. वडिलांचा फोन आला. म्हणाले, बाकी काही नको, फक्त या वेळी रेल्वेने या. तुझ्या लग्नापासून मी स्टेशनवर कुणाला घ्यायला गेलेलो नाही. दोघं जोडीने डब्यातून उतरा, मी हार घेऊन उभा राहतो.

हे मी निलेशला सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. माझा आवाज मलाच थोडा वेगळा वाटला. म्हणाले, "अहो, एकदा. माझ्या शेजारी बसायचं. नगर ते कोपरगाव. बाकी आयुष्यभर तुम्ही खाली उभे राहा."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "बसतो."

तिकिटं मी काढली आणि माझ्याच पर्समध्ये ठेवली. स्टेशनवर संजू पोचवायला आला होता. तिसरा डबा, खिडकीची जागा मला, शेजारची त्याला. तो बसला. खरोखर बसला. गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखा. मी पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. समोर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या आमच्याकडे बघून हसल्या. मला फार बरं वाटलं. एवढ्यासाठी मी इतके महिने आस लावून बसले होते, हे सांगायलासुद्धा ओशाळं वाटतं.

"इंजिन कोणतं लागलंय तेवढं बघून येतो," तो म्हणाला.

मी त्याचा चेहरा पाहिला आणि "या" म्हणाले.

हॉर्न झाला. गाडी हलली. मी दाराकडे पाहिलं, कुणी आलं नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढलं तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला निलेश उभा. कोपरे अंगाशी घट्ट, दोन्ही हातांत मोबाईल, श्वास रोखलेला. शेजारी संजू. गाडी अजून चालत्या माणसाच्या वेगाने जात होती. मनात आणलं असतं तर कुठल्याही दारातून चढता आलं असतं. मी हाक मारायला तोंड उघडलं.

रेकॉर्डिंग चालू होतं.

मी तोंड मिटलं. डोकं आत घेतलं.

स्टेशन मागे पडलं. समोरच्या बाईंनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. म्हणाल्या, "मिस्टर कुठे गेले हो?"

"गाडी बघायला."

"कोणती गाडी?"

"हीच."

त्यांनी लेकराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. विळद जवळ आलं तेव्हा मोबाईल वाजला. वडील. कोपरगावहून. मी उचलला नाही. परत वाजला, तो ग्रुपवरचा मेसेज होता. व्हिडिओ आला होता.

मी लावला. हात जराही हललेला नव्हता. आधी इंजिन, मग पहिला डबा, दुसरा. तिसऱ्या डब्याच्या एका खिडकीशी हिरव्या बांगड्यांचा हात दिसतो, तोही आत जातो. मग चौथा, पाचवा, सगळे, एका मापाने, शेवटच्या डब्यावरच्या पिवळ्या फुलीपर्यंत. मग मोकळा रूळ. आणि निलेशचा आवाज, समाधानाने भरलेला, संजूला सांगणारा:

"बघ. एकसुद्धा डोकं नाही."